संदर्भसूचीत माझी आजी कुठे?

(द्वितीय वर्ष, कला)

'लेखन कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात करावे. वर्ग व हजेरी क्रमांक लिहिण्यास विसरू नये.' आपल्या वार्षिकांकाची ही सूचना दरवर्षी फलकावर लागते आणि दरवर्षी आपण ती न वाचताच आपले साहित्य आणून देतो. मीही त्यातलीच. गेल्या वर्षी माझी कविता पाठपोट लिहिलेली होती म्हणून परत आली, तेव्हा आठवडाभर मी संपादक मंडळावर रुसले होते. कविता वाईट होती म्हणून परत केली असती तर समजू शकले असते. पण कागदाची दुसरी बाजू वापरली म्हणून? आमच्या घरी कागदाची एक बाजू कोरी ठेवणे म्हणजे उधळपट्टी!

यंदा त्याच जातीचा, पण अधिक मोठा धक्का बसला. एका संशोधन नियतकालिकाकडे मी लेख पाठवला होता. पंधरा दिवसांनी उत्तर आले. लेख नाकारला नव्हता आणि स्वीकारलाही नव्हता. 'लेख नियमावलीनुसार नसल्याने परीक्षकांकडे पाठवता येत नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवावा,' एवढेच लिहिले होते, आणि खाली पाच दोष क्रमाने मांडले होते. अक्षरे युनिकोडमध्ये नाहीत. सारांश व बीजशब्द नाहीत. लेखिकेचे नाव लेखाच्या आतही आले आहे. संदर्भ अपुरे आहेत. आणि पाचवा दोष असा, की 'माझी आजी' हा संदर्भ पद्धतीनुसार दिलेला नाही.

मित्रहो, पहिले चार दोष वाचून मला लाज वाटली. पाचवा वाचून राग आला. त्या रागाचे पुढे काय झाले, तेच या लेखात सांगायचे आहे. कारण आपल्यापैकी अनेकांवर आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे शिकणारी आपली ही पहिलीच तुकडी. आपल्याला क्षेत्रप्रकल्प करावा लागतो, आणि ज्यांना सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळतील त्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग उघडा आहे. म्हणजे 'संशोधनलेख' हा शब्द आता केवळ प्राध्यापकांच्या खोलीतला राहिलेला नाही. तो आपल्या बाकापर्यंत आला आहे. मात्र तो लिहायचा कसा, सजवायचा कसा, पाठवायचा कसा, हे सांगणारा तास वेळापत्रकात मला अजून सापडलेला नाही.

आधी लेखाविषयी थोडे सांगते. क्षेत्रप्रकल्पासाठी मी माझ्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. आजीचे वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या घरातले जाते आता परसात चुलीशेजारी पडून असते आणि वर्षातून एकदा, घरात लग्न असले तर हळदीला, त्याला पाणी लागते. पण आजीच्या ओठांवर ओव्या अजून ताज्या आहेत. चार दुपारी बसून बेचाळीस ओव्या जमल्या. आमच्या सरांनी प्रकल्प वाचला आणि म्हणाले, 'अगं, हा नुसता गुणांसाठी लिहिलेला नाहीस तू. याचा लेख कर आणि पाठव.' मी पाठवला. मला वाटले, लेख लिहिला म्हणजे काम संपले. प्रत्यक्षात ते अर्धेही झाले नव्हते.

आता माझा राग काय म्हणत होता ते ऐका. तो म्हणत होता की ही नियमावली म्हणजे वाड्याचा उंबरठा आहे; आतल्या माणसांना तो दिसत नाही आणि बाहेरच्यांनाच त्याची ठेच लागते. ज्याच्या घरी वडील किंवा आई प्राध्यापक आहेत, त्याला 'दोन ओळींत दुप्पट अंतर' म्हणजे काय हे जेवता जेवता कळते. मला ते तालुक्याच्या डीटीपीवाल्याने सांगितले, आणि तेही चूक सांगितले. त्याने माझा लेख पानाला वीस रुपये घेऊन जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकला होता. त्याच्या दुकानात अक्षरे मोत्यासारखी दिसत होती. संपादकांच्या संगणकावर तीच उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा झाला. जुन्या फॉन्टात मराठी अक्षराच्या जागी खरे तर दुसरेच चिन्ह साठवलेले असते. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की सोंग उतरते आणि खालचे चिन्ह उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून 'क' हा कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. इतक्या वर्षांनंतरही आपल्या तालुक्यात ती पोहोचायची आहे! नऊ पानांचे एकशेऐंशी रुपये गेले. शेवटी सारा लेख मी मोबाईलवर पुन्हा टंकला. त्याला सहा रात्री लागल्या.

रागाचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते मी मागे घेत नाही. पण उरलेले अर्धे मला माझ्या वडिलांमुळे कळले.

माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. त्या रात्री मी तणतणत होते, तेव्हा त्यांनी विचारले, 'म्हंजे मागत्यात काय ते?' मी म्हणाले, 'आबा, कुठली गोष्ट कुठून घेतली ते लिहून मागतायत. लेखक, पुस्तक, साल, प्रकाशक, पान.' त्यावर ते म्हणाले, 'मग बरोबर हाय की. थप्पीवर चिठ्ठी नसंल तर माल कुणाचा? आमी बी नावाबिगर गोणी काट्यावर चढवत न्हाई.' त्यांनी खिशातून एक हिशोबपट्टी काढून दाखवली. वर शेतकऱ्याचे नाव, खाली गोण्या, वजन, भाव, मग हमाली आणि तोलाई वजा, आणि शेवटी हाती पडणारी रक्कम. ते म्हणाले, 'पट्टीचा कागद दरसाल असाच. शेतकऱ्याला वाचाया येवो न येवो, कुठल्या रकान्यात काय हाय ते त्याला ठावं असतंय. रकाना बदलला की समजायचं, कुणीतरी लबाडी करतंय.'

मी गप्प झाले. नियमावली पुन्हा उघडली आणि एकेका कलमापुढे 'हे कशासाठी?' असा प्रश्न लिहीत गेले. जे सापडले ते थोडक्यात सांगते.

ए-चार आकाराचा कागद, चारी बाजूंना एक इंच समास आणि ओळींत दुप्पट अंतर हे कशासाठी? परीक्षकाला शेरा लिहायला जागा हवी म्हणून. आज बहुतेक शेरे संगणकावर लिहिले जातात, तरी डोळ्यांना ती मोकळी जागा लागतेच. दोनशे शब्दांचा सारांश अशासाठी, की संपादकाने तो वाचून ठरवावे, हा लेख कोणत्या जाणकाराकडे पाठवायचा. आणि उद्या कोणी शोधू लागले तर त्याला बीजशब्दांवरून तो सापडावा. मी आधी सारांशात 'प्रस्तुत लेखात ओव्यांचा अभ्यास केला आहे' असे लिहिले होते. सरांनी ते खोडून विचारले, 'अभ्यास करून सापडले काय, ते सांग ना!' सारांश म्हणजे प्रस्तावना असा माझा समज होता. सारांशात निष्कर्ष आधीच सांगून टाकायचा असतो. रहस्यकथेसारखा राखून ठेवायचा नसतो.

संदर्भाची गोष्ट तर मजेची झाली. आमच्या ग्रंथालयातील एका जुन्या संग्रहातून मी चार ओव्या तुलनेसाठी घेतल्या होत्या. त्या पुस्तकाचे मुखपृष्ठही फाटलेले आणि आतले पहिले पानही गेलेले. साल नाही, प्रकाशक नाही. मी 'एक जुने पुस्तक' असे लिहून मोकळी झाले होते. ग्रंथपालांकडे गेले तेव्हा त्यांनी पुस्तकावरचा दाखल क्रमांक पाहिला, कपाटातून जाडजूड दाखल नोंदवही काढली आणि दोन मिनिटांत संपादकाचे नाव, प्रकाशक, साल आणि किंमतसुद्धा काढून दिली. ज्याने कोणी ती ओळ कधीकाळी टाकाने लिहून ठेवली, त्याने माझ्यावर उपकार केले. उद्या माझा लेख वाचून कोणी त्या पुस्तकापर्यंत जाऊ पाहील, तर तोच उपकार पुढे नेणे माझे काम आहे. नोंद नीट करणे यात विद्वत्तेचा मिरवण्यासारखा भाग काही नाही. मागून येणाऱ्यासाठी विहिरीवर दोर ठेवून जावा, तसे ते आहे.

आपल्याकडे ही शिस्त परकी आहे असेही नाही. आधाराशिवाय काही लिहायचे नाही, असा दंडक मल्लिनाथाने आपल्या टीकांसाठी स्वतःला घालून घेतला होता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे तपासत, कागद मिळवत. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि त्यांचे बावीस खंड झाले. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते १९१० साली. 'साधन दाखवा, मग बोला' ही त्या पिढीची रीत होती. आज आपण परीक्षेत कोणाचेही मत 'विद्वान म्हणतात' असे म्हणून खपवतो, ही अधोगती आपली आपणच केलेली आहे.

पण सर्वांत अधिक विचार करायला लावले ते तिसऱ्या दोषाने. लेखिकेचे नाव फक्त वेगळ्या पानावर असावे; लेखात ते कुठेही येऊ नये. मला वाटले होते, हा आपल्याला पुसून टाकण्याचा प्रकार आहे. सरांनी समजावले की लेख कोणाचा हे परीक्षकाला कळू नये आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळू नये, यासाठी ही योजना आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक काढले. तेव्हापासून संशोधनपत्रिका आहेत, पण बाहेरच्या जाणकारांकडून प्रत्येक लेख तपासून घेण्याची सक्ती फार अलीकडची. 'नेचर'सारख्या प्रसिद्ध नियतकालिकानेही ती १९७३ साली लागू केली.

मित्रहो, जरा विचार करा. आपल्या महाराष्ट्रात आडनाव विचारले म्हणजे काय विचारले जाते, हे मी सांगायला नको. गाव विचारले की पुढचा प्रश्न 'कुठल्या आळीत?' असा येतो. मी आजवर ज्या ज्या खिडकीपुढे उभी राहिले, तिथे आधी आडनाव वाचले गेले आणि मग अर्ज. येथे प्रथमच असा एक कागद मला भेटला, ज्याचा नियमच म्हणतो की नाव काढून टाका, गाव काढून टाका, महाविद्यालय काढून टाका. फक्त काय लिहिले आहे ते दाखवा. हा नियम सगळीकडे प्रामाणिकपणे पाळला जातो असा माझा भाबडा समज नाही. मराठीचे क्षेत्र लहान आहे, लिखाणावरून माणूस ओळखू येतो. तरीही ज्यांच्या नावामागे वजन नाही, त्यांनी तरी या नियमाला नावे ठेवू नयेत.

आता पाचव्या दोषाकडे येते. कारण येथे मात्र नियम अपुरा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्या नियतकालिकाने एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती सांगितली होती. त्या पद्धतीत, ज्या संभाषणापर्यंत वाचकाला पुन्हा पोहोचता येत नाही, त्याला 'व्यक्तिगत संवाद' म्हणतात. त्याची नोंद मजकुरात कंसात करायची. शेवटच्या संदर्भसूचीत नाही. कारण सूची ही वाचकाला मूळ साधनापर्यंत नेण्यासाठी असते आणि संभाषण तर हवेत विरले. तर्क चुकीचा नाही. पण त्याचा परिणाम पाहा. ज्या पुस्तकातून मी चार ओव्या घेतल्या ते सूचीत आले. जिच्याकडून बेचाळीस घेतल्या ती आली नाही. त्यातून आडनाव पूर्ण आणि नावाचे फक्त पहिले अक्षर, ही त्या पद्धतीची रीत. म्हणजे आजीचे उरले काय? सासरचे आडनाव आणि एक अक्षर!

नियम देवाने दिलेले नाहीत, हे मला शोधता शोधता कळले. एमएलए ही दुसरी प्रचलित पद्धत स्वतः घेतलेल्या मुलाखतीलाही सूचीत जागा देते. कॅनडातील लोरिशिया मॅक्लिऑड या स्वतः तेथील मूळनिवासी समाजातल्या ग्रंथपाल. वडीलधाऱ्या जाणत्यांकडून तोंडी मिळालेले ज्ञान 'व्यक्तिगत संवाद' या एका शब्दात गुंडाळले जाते, हे त्यांना पटेना. त्यांनी अशा व्यक्तींसाठी नोंदीचे नमुने तयार केले. त्यात नाव, समाज, राहण्याचे ठिकाण, काय शिकवले तो विषय आणि दिनांक हे सारे येते, आणि नोंद सूचीत पुस्तकांच्या बरोबरीने बसते. त्यावरचा त्यांचा लेख २०२१ साली प्रसिद्ध झाला. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तो संग्रह आता 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर येत आहे, आणि तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. म्हणजे रकाना करायचा ठरवले तर करता येतो.

मग मी आजीची नोंद तशीच करायचे ठरवले. पूर्ण नाव, गाव, वय, ध्वनिमुद्रणाच्या चारही तारखा, आणि ध्वनिफिती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्याचा उल्लेख. म्हणजे 'हवेत विरले' असे म्हणायला जागाच उरणार नाही. अडचण एकच होती. आजीचे आणि माझे आडनाव एक, गाव एक. तिला नाव द्यावे तर माझे नाव उघडे पडते आणि परीक्षणाचा पडदा फाटतो. संपादकांना विचारले, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिले की परीक्षणाच्या प्रतीत 'गायिका क्रमांक १' लिहा, पूर्ण नोंद नावाच्या वेगळ्या पानावर द्या. लेख स्वीकारला गेला तर छापताना ती जागेवर जाईल. ज्या संपादकांवर मी महिनाभर मनातून चिडले होते, ते विचारल्यावर इतके सोपे बोलले! आपण विचारत नाही, हाही आपला दोष आहे.

आता फक्त आजीला सांगायचे राहिले होते. खरे तर तेच सर्वांत आधी करायला हवे होते. मी तिच्यापुढे बसून म्हणाले, 'आजी, तुझं नाव छापून येणार.' ती म्हणाली, 'माजं कशाला? ह्यातल्या निम्म्या माज्या न्हाईतच.' आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. ही आईची. ही चुलतसासूची, ती सांगलीकडची, म्हणून हिच्यात ऊस येतो. ह्या तीन मळ्यातल्या शेजारणीच्या. ती बाळंतपणात गेली. ही माझी मीच जुळवली, तुझ्या बापाच्या वेळेला. मी वही काढली. बेचाळीसपैकी एकोणतीस ओव्या कोणाकडून आल्या हे तिला ठाऊक होते. लिहिता-वाचता न येणारी ही बाई साठ वर्षे तोंडी संदर्भसूची सांभाळून होती, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मी तिला ते विचारलेच नव्हते!

एका ओवीपाशी मात्र ती थांबली. म्हणाली, 'ही घालू नगं.' मी कारण विचारले. ती म्हणाली, 'जिची हाय तिची नातवंडं गावात हायेत. तिनं जात्यापाशी म्हणलंय, पेठंत न्हाई.' नेमकी तीच ओवी माझ्या लेखाचा कणा होती. दुसरा सगळा विभाग तिच्यावर उभा होता. सरांनी तिच्याखाली लाल पेनने दुहेरी रेघ ओढून 'उत्तम' लिहिले होते. दोन दिवस मी स्वतःशी भांडले. गावात कोण वाचणार आहे हे नियतकालिक? कोणाला कळणार? नाव न देता छापली तर? पण तसे करणे म्हणजे चिठ्ठी काढून टाकून माल विकणे झाले असते. शेवटी मी तो विभाग काढला. लेख चार हजार शब्दांवरून तेहतीसशेवर आला. किमान मर्यादा तीन हजारांची, म्हणून कसाबसा वाचला. तो पूर्वीइतका चांगला राहिलेला नाही, हे मला माहीत आहे.

हे मी त्यागाची बढाई म्हणून सांगत नाही. मला फक्त एवढे दाखवायचे आहे की त्या नियमावलीत अक्षराचा आकार किती असावा हे होते, समास किती हे होते, पण 'ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारले का?' हा प्रश्न नव्हता. लोकसाहित्यावर लिहिणाऱ्याला तो पहिल्या कलमात विचारला गेला पाहिजे.

याच काळात आणखी एक मोह झाला, तोही कबूल करते. मोबाईलवर एक संदेश आला होता. 'आज लेख पाठवा, परवा प्रकाशित, आयएसएसएन क्रमांक असलेले आंतरराष्ट्रीय नियतकालिक, प्रमाणपत्र घरपोच, शुल्क फक्त बाराशे रुपये.' तेथे समास विचारला जात नव्हता, सारांश विचारला जात नव्हता, आजीचे नाव तर नाहीच नाही. मी वडिलांकडे पैसे मागायच्या बेतात होते. ग्रंथपालांनी सावध केले. आयएसएसएन म्हणजे नियतकालिक ओळखण्यासाठी दिलेला आठ अंकी क्रमांक. तो गुणवत्तेचा शिक्का नव्हे. गाडीला नंबर असतो म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असे होत नाही! विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' नावाची नियतकालिकांची यादी होती, तीही आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे चांगले कोणते आणि दुकान कोणते, हे आता ज्याचे त्यानेच पारखायचे आहे. माझी पारख साधी आहे. जे नियतकालिक माझा लेख न वाचता घेते, ते उद्या कोणी वाचावा म्हणून छापत नाही. जे चुका काढून परत पाठवते, त्याने निदान पाकीट तरी उघडलेले असते.

तेव्हा गुरुजनांना माझ्या काही विनंत्या आहेत. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक तास तरी या कामाला द्यावा. त्यात सारांश कसा लिहावा, नोंद कशी करावी, युनिकोडमध्ये टंकावे कसे, हे हाताने करून घ्यावे. दुसरी विनंती अशी, की वर्गात टिपणे सांगताना ते मत कोणाचे, कोणत्या पुस्तकातले, हेही सांगावे. गाईडमधल्या बेवारस वाक्यांवर आम्ही परीक्षा पास होतो आणि मग एके दिवशी आमच्याकडून अचानक संदर्भ मागितले जातात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपेक्षा अधिक मजकूर दुसऱ्याशी जुळला की दोष धरतात. ज्यांना उतरवून काढण्याचीच सवय लावली, त्यांनी हे टक्के कसे सांभाळायचे? आणि तिसरी विनंती मराठी विभागाला. तोंडी साधनांसाठी आपल्या विभागाचा एक मराठी नमुना तयार करावा. इंग्रजी पद्धती इंग्रजीसाठी घडल्या. तिरपी अक्षरे देवनागरीला शोभत नाहीत, आणि माझ्या मोबाईलने अकारविल्हे लावताना 'क्षीरसागर' हे आडनाव 'क'च्या घरात नेऊन बसवले! आपल्या भाषेला आणि आपल्या माणसांना बसेल असा रकाना आपल्यालाच आखावा लागेल.

आणि विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगते, की नियमावली पाहून परत फिरू नका. ती उघडा, प्रत्येक कलमाला 'कशासाठी?' असे विचारा. ज्याचे उत्तर मिळेल ते कलम बिनतक्रार पाळा. ज्याचे मिळणार नाही, त्याविषयी संपादकांना नम्रपणे पत्र लिहा. मी दोन्ही केले आणि दोन्हींचा उपयोग झाला.

दुरुस्त केलेला लेख गेल्या महिन्यात पाठवला. आता तो परीक्षकांकडे आहे; उत्तर आलेले नाही. नाकारला गेला तर यावेळी तो निदान वाचून नाकारला जाईल. आजी मात्र तालुक्याहून परतले की रोज विचारते, 'आलं का गं छापून?' तिला माझ्या लेखाची फिकीर नाही. मळ्यातल्या त्या शेजारणीचे नाव आले का, एवढेच तिला पाहायचे आहे.

हा लेख मी कागदाच्या एकाच बाजूस लिहिला आहे.